आविष्कारसाठी सारांश: विषय पाठवू नका, उत्तर पाठवा

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात टी.वाय.बी.एस्सी. रसायनशास्त्र करते. तिने आणि तिच्या मैत्रिणीने तालुक्यातल्या पाच गावांत विहिरींच्या पाण्यातलं नायट्रेट तपासलं आहे. आविष्कार या महाराष्ट्रातल्या विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेच्या महाविद्यालयीन फेरीसाठी सारांश द्यायचा आहे. मसुद्याचं शीर्षक आहे 'ग्रामीण भागातील भूजल प्रदूषण: एक अभ्यास'. उन्हाळ्यातले नमुने झाले, पावसाळ्यानंतरचे बाकी आहेत, मग अर्धवट कामावर सारांश पाठवावा का? गाइड म्हणतात, 'इनोव्हेशन दिसलं पाहिजे', म्हणजे नेमकं काय लिहायचं? पोस्टर म्हणजे दुय्यम का? आणि मराठीत लिहिलं तर मागे पडू का?

उत्तर:

तुझा मसुदा दोनदा वाचला. काम चांगलं आहे. सारांशात मात्र ते दिसतच नाही. सुरुवात 'पाणी हे जीवन आहे' इथून होते, मग हरितक्रांती, मग रासायनिक खतांचा वाढता वापर, मग भूजल ही देशापुढची गंभीर समस्या. निम्म्याहून जास्त जागा यात गेली आहे. तुम्ही दोघी उन्हात गावोगाव फिरलात, दोर सोडून पाणी काढलंत, टेपने अंतर मोजलंत, ते सगळं शेवटच्या एका वाक्यात आवळलं आहे: 'नमुने गोळा करून त्यांचे विश्लेषण करण्यात आले असून निष्कर्ष परिषदेत मांडण्यात येतील.' निष्कर्ष परिषदेत मांडायचे असतील तर परीक्षकाने आज निवड कशावरून करायची?

मी विद्यार्थ्यांचे सारांश बरीच वर्षं वाचत आले आहे, त्यातून एक गोष्ट ठामपणे सांगते. सारांश हा विषयाचा परिचय नसतो. तुम्ही एक प्रश्न विचारला आणि त्याचं हे उत्तर मिळालं, एवढंच तो सांगतो. पाण्याचं महत्त्व वाचणाऱ्याला ठाऊक असतं. तुझ्या पाच गावांतल्या विहिरींत काय निघालं ते त्याला ठाऊक नसतं, आणि ते फक्त तूच सांगू शकतेस.

म्हणून मसुदा बाजूला ठेव आणि आधी एका ओळीत प्रश्न लिही. 'भूजल प्रदूषणाचा अभ्यास करणे' हा प्रश्न नाही, कारण त्याचं उत्तर देता येत नाही. 'विहिरीपासून गोठा किंवा उकिरडा जवळ असेल तर पाण्यात नायट्रेट जास्त असतं का?' हा प्रश्न आहे, कारण त्याचं उत्तर हो, नाही किंवा सांगता येत नाही, यांपैकी एक येणारच. तुझ्या वहीत प्रत्येक विहिरीची खोली, भोवतालचं पीक आणि गोठ्यापासूनचं अंतर या नोंदी आहेत असं तू लिहिलंस. ही वहीच तुझा खरा ठेवा आहे, आणि मसुद्यात तिचा उल्लेखही नाही.

आता सारांश कसा होईल ते लिहूनच दाखवते. यातले आकडे मी उदाहरणासाठी धरले आहेत. तुझ्या वहीतले तू घाल.

'दख्खनच्या बेसाल्ट खडकातील उथळ विहिरींत नायट्रेट वाढण्याचा गोठा आणि उकिरडा यांच्या जवळिकीशी संबंध आहे का, हे एका तालुक्यातील पाच गावांत तपासले. पिण्यासाठी वापरात असलेल्या 30 विहिरींचे नमुने एप्रिल-मे महिन्यांत घेतले, थंड पेटीतून आणले आणि 48 तासांच्या आत यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटरवर तपासले. 13 विहिरींत नायट्रेट भारतीय मानकातील लिटरमागे 45 मिलिग्रॅम या मर्यादेपेक्षा जास्त आढळले. गोठा किंवा उकिरडा 30 मीटरच्या आत असलेल्या 14 विहिरींपैकी 10, तर त्याहून दूरच्या 16 पैकी 3 विहिरी मर्यादेबाहेर होत्या. विहिरीची खोली आणि भोवतालचे पीक यांच्याशी असा स्पष्ट संबंध दिसला नाही. गोठ्याजवळच्या बहुतेक विहिरी घरांजवळही असल्याने शौचालयांच्या शोषखड्ड्यांचा वाटा या अभ्यासातून वेगळा काढता येत नाही. तपासणीची साधने मर्यादित असतील तेव्हा गोठ्यालगतच्या विहिरींपासून सुरुवात करावी, असे हे निष्कर्ष सुचवतात.'

यात 'गंभीर समस्या' कुठेही आलेलं नाही, तरी समस्या गंभीर आहे हे वाचणाऱ्याला कळतं. त्याला पटवण्याचं काम आकडे करतात. 'लक्षणीय', 'चिंताजनक', 'अत्यंत उपयुक्त' हे शब्द तुझ्या मसुद्यात बरेच आहेत. त्यातला प्रत्येक शब्द काढून तिथे एखादा आकडा बसतो का ते पाहा. बसत नसेल तर ते वाक्यच काढून टाक.

आता आकड्यांकडे वळते, कारण रसायनशास्त्राच्या पोरी इथेच अडकतात.

मसुद्यात एका ठिकाणी तू मर्यादा 45 लिहिलीस आणि दुसऱ्या ठिकाणी 10. दोन्ही आकडे खरे आहेत, पण ते वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. 45 मिलिग्रॅम ही मर्यादा नायट्रेटची आहे. आयएस 10500:2012 या पिण्याच्या पाण्याच्या मानकात तीच दिली आहे आणि तिच्यात सवलत नाही. 10 ही मर्यादा नायट्रेटमधल्या नायट्रोजनची आहे. नायट्रोजनच्या आकड्याला 4.43 ने गुणलं की नायट्रेटचा आकडा येतो. तुझा प्रमाण द्राव, म्हणजे तुलनेसाठी वापरलेला ठाऊक तीव्रतेचा द्राव, ज्या हिशेबाने बनवला असेल, त्याच हिशेबाने तुझी वाचनं येतील. ते आधी बाटलीवरच्या लेबलवरून आणि वहीवरून पक्कं कर. नायट्रोजनचे आकडे 45 शी ताडून पाहिले असतील तर तुझ्या बहुतेक दूषित विहिरी चांगल्या ठरल्या असतील. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा 50 आहे, तीही नायट्रेटसाठी. एकाच सारांशात दोन मानकं आणू नकोस. काम भारतातलं आहे, तेव्हा भारतीय मानक घे.

पद्धतीबद्दल परीक्षक एक प्रश्न हमखास विचारतील. यूव्ही (अतिनील किरणांच्या) पद्धतीत आपण 220 नॅनोमीटर तरंगलांबीला शोषण, म्हणजे पाणी किती प्रकाश शोषतं ते, मोजतो, पण पाण्यात विरघळलेले सेंद्रिय पदार्थही तिथे शोषण दाखवतात. म्हणून 275 ला दुसरं वाचन घेऊन त्याची दुप्पट पहिल्या वाचनातून वजा करतात. तुझ्या विहिरी गोठ्याजवळच्या आहेत, म्हणजे नेमक्या तिथेच सेंद्रिय पदार्थ जास्त असण्याची शक्यता आहे. वजा करायचा आकडा 220 च्या वाचनाच्या 10 टक्क्यांहून मोठा निघाला, तर त्या नमुन्यासाठी ही पद्धत वापरायची नसते. सगळ्या नमुन्यांसाठी हे तपासून ठेव. दोन-तीन विहिरी या चाळणीत अडकल्या तर त्या वगळून तसं लिही. 'तपासलेल्या 30 पैकी 28 विहिरींचे निकाल दिले आहेत' असं वाक्य वाचलं की परीक्षकाचा तुझ्यावरचा विश्वास वाढतो.

टक्केवारीबद्दल. 30 पैकी 13 म्हणजे 43.33 टक्के, असं तू लिहिशील. लिहू नकोस. 30 विहिरींत एक विहीर इकडची तिकडे झाली की टक्का तीनाने हलतो, मग दशांशानंतरचे दोन अंक कशाच्या बळावर? '30 पैकी 13' हेच खरं आणि वाचायलाही सोपं. सरासरीबाबतही सावध राहा. एखाद्या विहिरीत दीडशेच्या पुढे आकडा गेला असेल तर ती एकटी सगळी सरासरी वर ओढते, अशा वेळी मध्यक, म्हणजे आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, द्यावा.

संख्याशास्त्राची चाचणी लावायची असेल तर 14 पैकी 10 आणि 16 पैकी 3 अशा छोट्या तक्त्यासाठी फिशरची अचूक चाचणी योग्य. माझ्या उदाहरणातल्या आकड्यांवर पी-मूल्य सुमारे 0.009 येतं, म्हणजे एवढा फरक निव्वळ योगायोगाने पडण्याची शक्यता कमी. पण इथे एक अट आहे. 30 मीटर ही सीमा तू कधी ठरवलीस? नमुने घेण्याआधी ठरवली असेल तर उत्तम. आकडे पाहून 20, 25, 30, 40 अशा सीमा लावून ज्यात फरक सर्वांत ठळक दिसला ती निवडली असेल, तर त्या पी-मूल्याला अर्थ उरत नाही. अशा वेळी सीमा न ठरवता सरळ आलेख दे: आडव्या अक्षावर गोठ्यापासूनचं अंतर, उभ्या अक्षावर नायट्रेट, सगळे 30 ठिपके आणि 45 वर एक रेघ. त्यात लपवाछपवीला जागाच राहत नाही.

'गोठ्यामुळे' आणि 'गोठ्याजवळ' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि विद्यार्थ्यांचे बहुतेक सारांश इथेच घसरतात. तू मोजलंस ते अंतर. आपल्याकडे गोठा घराला लागून, घरापाशी शौचालय, शौचालयाला शोषखड्डा, आणि वापराची विहीरही तिथेच. मग नायट्रेट शेणामुताचं, शोषखड्ड्याचं की परसातल्या भाजीला टाकलेल्या युरियाचं, हे तुझ्या अभ्यासातून वेगळं करता येत नाही. ते तसं लिहिणं हा कमीपणा नाही. जो विद्यार्थी आपल्या कामाची सीमा स्वतःहून सांगतो, त्याला परीक्षक त्या सीमेपलीकडचं विचारत बसत नाहीत. जो सांगत नाही, त्याची सगळी दहा मिनिटं तिथेच खर्च होतात.

तसंच 'तालुक्यातील भूजल' असं लिहू नकोस. आपल्या काळ्या खडकात पाणी वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत साठतं. एका बांधाच्या अलीकडची आणि पलीकडची विहीर वेगळं पाणी देऊ शकते, हे कुठलाही विहीर खोदणारा सांगेल. 30 विहिरी म्हणजे 30 विहिरी. त्या कशा निवडल्या तेही एका वाक्यात येऊ दे: गावातल्या सगळ्या पिण्याच्या विहिरी घेतल्या, की रस्त्यालगतच्या, की ज्यांच्या मालकांनी परवानगी दिली त्या. तिन्ही चालतील, पण लपवलेलं चालणार नाही.

आता अर्धवट कामाबद्दल. तू पावसाळ्याआधी आणि नंतर अशी तुलना ठरवली होतीस, म्हणून काम तुला अर्धं वाटतं. पण उन्हाळ्यातल्या विहिरींवर विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर पूर्ण आहे. तेवढंच पाठव आणि शीर्षकात 'उन्हाळी' हा शब्द घाल. पावसाळ्यानंतर आकडे वाढतील की घटतील यावर एक अक्षर लिहू नकोस. मुरणारं पाणी शेतातलं नायट्रेट खाली घेऊन जातं तेव्हा आकडा चढतो, आणि भरपूर पाण्याने ते पातळ झालं की उतरतो. दोन्ही घडतं, आणि तुझ्या गावांत काय घडेल ते नमुने घेतल्यावरच कळेल. आविष्कारच्या फेऱ्या महाविद्यालयापासून जिल्हा किंवा विभाग, मग विद्यापीठ आणि शेवटी राज्य अशा चढत जातात. वरच्या फेरीपर्यंत पावसाळ्यानंतरचे नमुने झाले तर ते सादरीकरणात जोडता येतील का, हे विद्यापीठाच्या समन्वयकांना आधीच विचारून ठेव.

एकही नमुना तपासलेला नसेल, तर मात्र पाठवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. नुसत्या कल्पनेवर सारांश पाठवून, निवड झाल्यावर दोन आठवड्यांत काम उरकायचं, हा प्रकार मला मान्य नाही. त्यात आकडे हवे तसे वळवण्याचा मोह होतो, आणि पहिल्याच संशोधनात ती सवय लागावी यासारखं नुकसान नाही.

'इनोव्हेशन' या शब्दाने तुला घाबरवलं आहे, असं दिसतं. मसुद्याच्या शेवटी तू 'नॅनो तंत्रज्ञानावर आधारित फिल्टर विकसित करण्याचा मानस आहे' असं जोडलंस, ते तू स्वतःहून लिहिलेलं नाही हे कळतं. काढून टाक. तुझ्या आकड्यांशी त्याचा संबंध नाही, आणि कोणी 'कोणता पदार्थ वापरणार?' असं विचारलं तर तुझ्याकडे उत्तर नसेल. नवेपण म्हणजे नवं यंत्रच असायला हवं असं नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी ठेवते, केंद्रीय भूजल मंडळही ठेवतं, पण त्या जाळ्यात गावातली प्रत्येक विहीर येत नाही, आणि त्या विहिरीपासून गोठा किती मीटरवर आहे हे त्या नोंदींतून कळत नाही. तू ते टेप लावून मोजलंस. हेच तुझं नवेपण. गाइडना हे असंच सांग: 'मॅडम, जिल्ह्याचे आकडे आहेत, पण गोठ्यापासूनच्या अंतराचे नाहीत, ते आम्ही आणले.' त्यांना पटेल. त्यासाठी या दोन्ही यंत्रणांचे तुझ्या जिल्ह्याचे अहवाल मात्र वाचायला हवेत. आधी काय झालं आहे हे न वाचता कोणालाही 'आम्ही पहिल्यांदाच' असं म्हणता येत नाही.

शीर्षक बदल. 'एक अभ्यास' हे शब्द कुठल्याही शीर्षकाच्या शेवटी चिकटतात, म्हणजेच ते काही सांगत नाहीत. 'गोठ्यापासूनचे अंतर आणि विहिरीच्या पाण्यातील नायट्रेट: पाच गावांतील 30 विहिरींचा उन्हाळी अभ्यास' असं काहीसं कर. लांब आहे, पण काय मोजलं, कुठे, किती आणि केव्हा, हे सगळं त्यात आलं.

गट कोणता भरायचा, हा प्रश्न तू विचारला नाहीस, पण तो महत्त्वाचा आहे. आविष्कार 2006 साली कुलपतींच्या, म्हणजे राज्यपालांच्या कार्यालयाच्या पुढाकाराने सुरू झालं, आणि त्यात मानव्यविद्या-भाषा-ललित कला, वाणिज्य-व्यवस्थापन-विधी, शुद्ध विज्ञान, कृषी-पशुसंवर्धन, अभियांत्रिकी-तंत्रज्ञान आणि वैद्यक-औषधनिर्माण अशा सहा गटांत काम विभागलं जातं. तुझा विषय शुद्ध विज्ञानात बसेल, कृषीत बसेल, आणि ओढूनताणून वैद्यकातही बसेल. पोरं कुठे स्पर्धा कमी आहे ते बघून गट भरतात. तसं करू नकोस. जो परीक्षक तुझी पद्धत तपासू शकेल त्याच्यापुढे जा. तुझी ताकद विश्लेषणात आहे, तेव्हा शुद्ध विज्ञान. नायट्रेटचा धोका तान्ह्या बाळांना असतो, म्हणून वैद्यकात गेलीस तर पहिला प्रश्न 'किती बाळांना त्रास झाला?' हा येईल, आणि तुझ्याकडे तो डेटा नाही. मैत्रीण भागीदार आहे, तेव्हा दोघींची नावं फॉर्मवर घालता येतात का आणि मांडणी कोणी करायची, याचा नियम सूचनापत्रकात शोध आणि दोघी बसून आजच ठरवा. शेवटच्या दिवशी ठरवलेल्या नावांवरून मैत्री तुटलेली मी पाहिली आहे.

पोस्टर दुय्यम नाही. आविष्कारमध्ये साधारणपणे आधी पोस्टरची फेरी होते आणि त्यातून निवडलेल्यांना तोंडी सादरीकरण मिळतं, म्हणजे पोस्टर टाळून पुढे जाण्याची वाट नाही. आणि तुझ्यासारख्या कामाला पोस्टर जास्त शोभतं. वर सांगितलेला अंतर-नायट्रेटचा आलेख मधोमध, मोठा, चार पावलांवरून वाचता येईल असा. त्याच्या वर एका वाक्यात उत्तर. नमुने कसे घेतले आणि कसे तपासले ते खाली थोडक्यात. गावांचा नकाशा लाव, पण विहिरीमालकांची नावं किंवा गट क्रमांक नकोत. संदर्भ आणि आभार बारीक अक्षरात तळाला. सारांशातला मजकूर जसाच्या तसा पोस्टरवर चिकटवू नकोस. पोस्टरपुढे तू स्वतः उभी असणार आहेस, जे तोंडी सांगता येतं ते तिथे लिहायची गरज नाही.

भाषेबद्दल माझं मत सरळ आहे. आविष्कारमध्ये मराठीतून मांडणी करता येते. तुझ्या विद्यापीठाच्या यंदाच्या सूचनापत्रकात तेवढं पाहून घे. ज्या भाषेत तू विचार करतेस आणि उलटतपासणीला उत्तर देऊ शकतेस, त्या भाषेत मांड. इंग्रजी सारांश मागितला असेल तर तो आधी मराठीत पूर्ण लिहून, मग इंग्रजीत कर. मराठीत 'द्राव', 'शोषण', 'मध्यक' जिथे सहज येतात तिथे घे. 'नायट्रेट', 'स्पेक्ट्रोफोटोमीटर' तसेच राहू देत. 'करण्यात आले', 'आढळून आले आहे असे निदर्शनास येते' ही सरकारी पत्रातली भाषा मात्र सोड. 'तपासले', 'आढळले' एवढं पुरतं.

एआयकडून सारांश लिहून घेऊ का, हे तू शेवटी हळूच विचारलंस. भाषा तपासायला घेतलास तर हरकत नाही, नियम काय सांगतात ते पाहून. पण पहिला मसुदा तुझ्या हाताचाच हवा. त्याला तुझी वही माहीत नाही, म्हणून तो पुन्हा 'पाणी हे जीवन आहे' इथूनच सुरू करेल, आणि तू न केलेल्या चाचण्यांची नावंही आत्मविश्वासाने लिहून देईल. तुझ्या नावावर गेलेल्या प्रत्येक वाक्याचं उत्तर तुला द्यायचं असतं. उचलेगिरीबाबत यूजीसीची 2018 ची नियमावली आहे, तिच्यात 10 टक्क्यांपर्यंतचं साम्य शून्य पातळीत, म्हणजे दंड नसलेलं, धरलं आहे. पण 10 टक्के चालतात म्हणून तेवढे उचलावेत, असा तिचा अर्थ नाही.

विहिरींच्या मालकांबद्दल थोडं सविस्तर बोलते, कारण कोणत्याच सारांशात त्यांचा उल्लेख येत नाही याचं मला वाईट वाटतं. त्यांनी तुला पाणी काढू दिलं, पाणी पाजलं, बसायला खाट टाकली. ज्या विहिरींत आकडा 45 च्या वर गेला, त्या घरी परिषदेच्या आधी जाऊन सांगून ये. घाबरवू नकोस. आमची तपासणी विद्यार्थ्यांची आहे, सरकारी प्रयोगशाळेत एकदा खात्री करून घ्या, असं सांग. घरात सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल आणि त्याला वरचं दूध दिलं जात असेल, तर ते या पाण्यात कालवू नका, हे मात्र नक्की सांग. नायट्रेटमुळे अशा बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटू शकते. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचं प्रमाण वाढतं, हेही सांग. गावात 'उकळून प्या' हा सल्ला सगळ्याच दूषणांवर दिला जातो. पुढे कधी लोकांच्या आरोग्याची माहिती विचारायची झाली, तर त्याआधी महाविद्यालयाच्या नैतिकता समितीची परवानगी घे. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं त्यासाठी आहेत. फक्त पाणी तपासायला एवढं लागत नाही, मालकाची संमती पुरते.

तुझी मराठी विभागातली मैत्रीणही सारांश लिहिते आहे असं म्हणालीस. तिलाही हेच लागू पडतं. 'मालवणी बोलीचा अभ्यास' हा विषय झाला. 'झील (मुलगा), चेडू (मुलगी) हे शब्द साठीपुढची माणसं घरात वापरतात, तसे विशीतली मुलं वापरतात का?' हा प्रश्न झाला. किती घरांत, कोणत्या गावांत, ऐकून नोंदलं की विचारून, हे तिनेही लिहायला हवं, कारण 'तुम्ही असं बोलता का?' असं विचारलं की माणूस वेगळंच उत्तर देतो. डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलं आहे, ते तिने आधी पाहावं.

आता कामाला लाग. पहिला मसुदा शब्दमर्यादेची पर्वा न करता लिही, मग काप. कापताना आधी पार्श्वभूमी जाऊ दे, मग विशेषणं, मग पद्धतीतले बारकावे. आकडे आणि कामाची सीमा सांगणारं वाक्य शेवटपर्यंत राखून ठेव. पूर्ण झाल्यावर रसायनशास्त्राशी संबंध नसलेल्या एखाद्या घरच्या माणसाला मोठ्याने वाचून दाखव आणि 'आम्हाला काय सापडलं?' एवढंच विचार. त्यांना एका वाक्यात सांगता आलं तर गाइडकडे ने. गाइडना निदान चार दिवस दे. शेवटच्या संध्याकाळी सही मागितली तर ते फक्त सही करतात, वाचत नाहीत. आणि 220 व 275 ची वाचनं असलेली मूळ वही फेरीच्या दिवशी सोबत ने. पोस्टरवर नसलेला आकडा कोणी विचारला तर तिथेच पान उघडून दाखवता येईल.